रेसिडेन्सी-फेलोशिपच्या मुलाखती: तिकीट काढण्याआधी करायचा हिशेब

अमेरिकेतल्या मॅचसाठी (रेसिडेन्सी म्हणजे पदव्युत्तर प्रशिक्षण आणि फेलोशिप म्हणजे त्यापुढचं उपशाखेचं प्रशिक्षण, यांच्या जागा पसंतीक्रमाने वाटणारी पद्धत) अर्ज करणाऱ्या आपल्याकडच्या डॉक्टरला खर्च विचारा. स्टेपच्या (तिथल्या वैद्यकीय परवान्याच्या) परीक्षांची फी तो डॉलरमध्ये तोंडपाठ सांगेल. मुलाखतींच्या प्रवासाचं काय, असं विचारलं की उत्तर येतं, "कॉल तर येऊ देत, मग बघू." कॉल आल्यावर बघायला वेळच मिळत नाही. इन्व्हाइट येतं, चांगल्या तारखा काही मिनिटांत भरून जातात, घाईत मिळेल ती तारीख घेतली जाते. मग कळतं की सोमवारी एक गाव, बुधवारी हजार मैलांवरचं दुसरं आणि शुक्रवारी परत पहिल्याच्या शेजारी.

२०२० आधी जवळपास सगळ्याच मुलाखती प्रत्यक्ष जाऊन द्याव्या लागत. कोविडच्या वर्षी एएएमसीने (अमेरिकेतल्या वैद्यकीय कॉलेजांची संघटना) व्हिडिओ मुलाखतींची शिफारस केली आणि रेसिडेन्सीच्या बहुतांश मुलाखती तिथेच स्थिरावल्या. तरी काही सर्जिकल शाखा, काही प्रोग्रॅम (हे प्रशिक्षण देणारी हॉस्पिटलं) आणि बऱ्याच फेलोशिप पुन्हा प्रत्यक्ष बोलावतात. शिवाय 'सेकंड लुक' नावाची, मुलाखतीनंतरची ऐच्छिक भेट असतेच. म्हणजे खर्च कमी झाला, पण निर्णय वाढले. पूर्वी सगळीकडे जायचंच असायचं. आता प्रत्येक ठिकाणासाठी 'जावं का' हे ठरवावं लागतं, आणि पैसे वाचतात ते याच प्रश्नावर.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: भारतातून रेसिडेन्सीला अर्ज करणारे, आणि तिथे रेसिडेन्सी करता करता फेलोशिपला अर्ज करणारे. दोघांचा हिशेब वेगळा आहे. जिथे वेगळा होतो तिथे तसं सांगितलं आहे.

१. आधी कॅलेंडर, मग आकडे

रेसिडेन्सीचे अर्ज सप्टेंबरात जातात. मुलाखती ऑक्टोबर ते जानेवारी चालतात. रँक लिस्ट (दोन्ही बाजूंची पसंतीक्रमाची यादी) फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला बंद होते आणि मॅच डे मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी असतो. इंटर्नल मेडिसिननंतरच्या फेलोशिपचं (कार्डिओलॉजी, गॅस्ट्रो वगैरे) चक्र आधी फिरतं: अर्ज जुलैत, मुलाखती साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर-नोव्हेंबर, निकाल डिसेंबरच्या सुरुवातीला.

पैसे प्रवासाच्या आधीच संपायला लागतात, म्हणून हे कॅलेंडर समोर हवं. इरासच्या (एएएमसीची ऑनलाइन अर्ज यंत्रणा) गेल्या काही हंगामांतल्या दरांनुसार एका शाखेत पहिल्या ३० प्रोग्रॅमना प्रत्येकी ११ डॉलर आणि ३१व्यापासून प्रत्येकी ३० डॉलर पडतात. १०० प्रोग्रॅमना अर्ज केला तर ३३० अधिक २,१०० म्हणजे २,४३० डॉलर. (दर बदलतात, आपल्या वर्षाचा तक्ता एएएमसीच्या साइटवर बघूनच आकडा घ्या.) या यादीतले २० निरर्थक अर्ज गाळले तर ६०० डॉलर हातात राहतात. अमेरिकेतल्या अमेरिकेत एक विमानप्रवास आणि दोन रात्रींचं हॉटेल त्यात बसतं.

निरर्थक म्हणजे कुठले? जे प्रोग्रॅम तुम्हाला लागणारा व्हिसा देतच नाहीत, ज्यांची पदवीच्या वर्षाची अट तुम्ही ओलांडली आहे, किंवा जे अमेरिकेतला क्लिनिकल अनुभव मागतात आणि तुमच्याकडे तो नाही. हे सगळं प्रोग्रॅमच्या साइटवर असतं. नसेल तर मेल करून विचारता येतं. काम कंटाळवाणं आहे, पण प्रवासाचं बजेट इथेच तयार होतं.

२. प्रत्येक इन्व्हाइटवर एक शिक्का

इन्व्हाइट आलं की एक्सेलच्या रांगेत टाका आणि त्यावर तीनपैकी एक शिक्का मारा: व्हिडिओ, प्रत्यक्ष आवश्यक, प्रत्यक्ष ऐच्छिक. शंका असेल तर प्रोग्रॅमच्या कोऑर्डिनेटरला तीन ओळींचा मेल पुरे. इन्व्हाइटबद्दल आभार, मी सध्या भारतात आहे, व्हिडिओचा पर्याय आहे का. हे विचारल्याने नाव खाली जातं अशी भीती आपल्या मुलांना फार असते. कोऑर्डिनेटरला दिवसाकाठी असे कितीतरी मेल येतात. त्यांच्या दृष्टीने तो एक साधा प्रश्न आहे. दोन्ही पर्याय सारखेच खुले असतील तर व्हिडिओ घ्या.

सेकंड लुकबद्दल माझं मत स्पष्ट आहे: त्या एका भेटीसाठी भारतातून जाऊ नका. मॅचच्या नियमांनुसार प्रोग्रॅम दुसऱ्या भेटीची सक्ती करू शकत नाही. काही प्रोग्रॅम तर अशा भेटी होण्याआधीच आपली रँक लिस्ट पक्की करतात आणि तसं कळवतातही. ती भेट तुमच्या निर्णयासाठी असते. पहिल्या दोन पसंतींमध्ये खरोखर अडकला असाल, नवरा किंवा बायको त्याच गावात नोकरी शोधणार असेल, आणि तुम्ही आधीच अमेरिकेत असाल, तर जा.

मुलाखतींची संख्या वाढली की मॅच होण्याची शक्यता वाढते हे खरं. पण मॅच चालवणाऱ्या एनआरएमपीने प्रसिद्ध केलेले आलेख बघितले तर सुरुवातीला चढ उभा असतो, पुढे रेघ आडवी होत जाते. तिसऱ्या-चौथ्या मुलाखतीसाठी कर्ज काढणं समजू शकतं. पंधराव्यासाठी तोच खर्च करायच्या आधी दोनदा विचार करा.

३. व्हिडिओ म्हणजे फुकट नव्हे

हा खर्च छोटा असतो, पण चुकला तर महाग पडतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळी आठ म्हणजे ऑक्टोबरात आपले संध्याकाळचे साडेपाच. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळ मागे जातं आणि तेच साडेसहा होतात. कॅलिफोर्नियातले सकाळचे आठ म्हणजे त्यानंतर आपले रात्रीचे साडेनऊ. मुलाखत सहा तास चालली तर पहाटेचे साडेतीन वाजतात.

आता हाच काळ आपल्याकडे कसला? आधी नवरात्र, मग दिवाळीचे फटाके, मग लग्नसराई. समोर प्रोग्रॅम डायरेक्टर बोलत असताना गल्लीतून डीजे गेला तर म्यूटचं बटण फार उपयोगी पडत नाही. घर रस्त्यालगत असेल तर त्या संध्याकाळपुरती शांत खोली बघून ठेवा: मित्राचा दवाखाना, कॉलेजची सेमिनार रूम, अगदीच नाही तर हॉटेलची मागच्या बाजूची खोली. बजेटमध्ये हे धरा: फायबर नेट, दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला हॉटस्पॉट, राउटरसाठी छोटा यूपीएस (इन्व्हर्टरवर जाताना राउटर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो, आणि ती मिनिटं नको तेव्हाच येतात), एक बरा माइक, चेहऱ्यावर पडणारा दिवा. सगळं मिळून आठ-दहा हजारांत होतं. महावितरणची देखभालीची सुट्टी ज्या वारी असते त्या वारी राउटर-यूपीएस एकदा तपासून घ्या.

४. भारतातून जायचंच असेल तर एका फेरीत सगळं

बी-१/बी-२ व्हिसाची अर्ज फी १८५ डॉलर आहे. २०२५ साली झालेल्या कायद्याने त्यावर २५० डॉलरच्या आणखी एका शुल्काची तरतूद केली आहे. अर्ज भरता त्या दिवशी ते लागू आहे का हे दूतावासाच्या साइटवर बघा. मुंबईत बायोमेट्रिकची आणि मुलाखतीची अशा दोन वेगळ्या अपॉइंटमेंट असतात. कोल्हापूर, नांदेड, नागपूरहून येणाऱ्यांनी मुंबईतला एक-दोन रात्रींचा मुक्काम धरावा. वकिलात असलेल्या बीकेसीत उतरण्यापेक्षा कुर्ला किंवा सांताक्रूझला उतरलेलं परवडतं.

व्हिसाची अपॉइंटमेंट मिळायला महिने लागू शकतात. म्हणून इन्व्हाइटची वाट न बघता आधीच अर्ज करा, आणि व्हिसा हातात पडेपर्यंत परतावा न मिळणारं तिकीट काढू नका. खिडकीवर खरं कारण सांगा. या व्हिसावर मुलाखत देता येते, पगारी काम करता येत नाही.

आणि प्रवास करणारच असाल तर त्यात आणखी काय बसतं ते बघा. स्टेप ३ ही परीक्षा फक्त अमेरिकेत आणि तिच्या अखत्यारीतल्या प्रदेशांत देता येते. परदेशी डॉक्टरांना लागणारं ईसीएफएमजी सर्टिफिकेट हाती असेल तर मुलाखती, स्टेप ३ आणि एखादी ऑब्झर्व्हरशिप (हॉस्पिटलात नुसतं बघत शिकणं) एकाच फेरीत बसवता येतात. परीक्षा दोन दिवसांची असते आणि ते दिवस लागून असायची गरज नाही, त्यामुळे मधल्या दिवशी मुलाखत घुसवायचा मोह होतो. तो टाळा.

तीन आठवड्यांच्या फेरीचा एक ढोबळ हिशेब मांडतो. आकडे नमुन्याचे आहेत, डॉलर नव्वद रुपये धरला आहे. तुमच्या तारखांचे भाव घालून हाच तक्ता पुन्हा मांडा.

मुंबईहून जाण्या-येण्याचं तिकीट: १,२०,००० रुपये
व्हिसा फी (मूळ १८५ डॉलर): सुमारे १७,०००
प्रवास विमा: ६,०००
२१ रात्री शेअरिंगच्या खोलीत, रोज ५० डॉलर: ९४,५००
जेवण आणि रोजची बस-मेट्रो, रोज २५ डॉलर: ४७,२५०
अमेरिकेतल्या अमेरिकेत फिरणं, ९०० डॉलर: ८१,०००
थंडीचे कपडे: १०,०००

बेरीज ३,७५,७५० रुपये. त्यावर १५ टक्के राखीव धरा, की सव्वाचार लाखांच्या पुढे आकडा जातो. स्टेप ३ची फी यात नाही. ती वेगळी ९०० डॉलरच्या वर आहे. सेकंड लुकसाठी जाऊ नका असं वर का म्हटलं, ते या बेरजेत दिसतं.

विम्यावर काटकसर नको. अमेरिकेतल्या इमर्जन्सी रूमचं बिल काय असतं हे डॉक्टरला सांगायची वेळ यावी यासारखा विनोद नाही, पण विमा न काढता जाणाऱ्यांत डॉक्टरच जास्त दिसतात.

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दोन्ही दिशांची तिकिटं चढतात. ख्रिसमस त्यांचा आणि लग्नं आपली. शक्य असेल तर नोव्हेंबर किंवा जानेवारीचा मध्य धरा.

५. मुलाखतींचे गठ्ठे बांधा

मुलाखतींच्या वेळा ठरवण्याच्या थॅलमससारख्या प्लॅटफॉर्मवर मोकळ्या तारखा दिसतात आणि मिळालेली तारीख बदलताही येते. म्हणून पहिली तारीख घेताना 'याच भागात आणखी कुठून बोलावणं येऊ शकतं' हा प्रश्न विचारा. बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, वॉशिंग्टन हा पट्टा रेल्वेने बांधलेला आहे. इथे विमानाची गरजच नाही. शिकागो-मिलवॉकी रेल्वेने साधारण दीड तास. न्यूयॉर्कहून फिलाडेल्फियाला अॅमट्रॅक महाग वाटली तर न्यू जर्सी ट्रान्झिटने ट्रेंटनपर्यंत आणि तिथून सेप्टाच्या लोकलने पुढे जाता येतं. वेळ जास्त जातो, पैसे बरेच वाचतात.

हिशेब कसा बदलतो बघा. न्यू जर्सीतला एक रेसिडेंट, फेलोशिपच्या दोन प्रत्यक्ष मुलाखती, एक क्लीव्हलँडला आणि एक पिट्सबर्गला. वेगवेगळ्या आठवड्यांत गेला तर दोन परतीची तिकिटं ५०० डॉलर, दोन रात्री करांसह ३५०, विमानतळाच्या आठ टॅक्सी फेऱ्या २८०, जेवण ८०. एकूण १,२१०. लागोपाठच्या दिवशी घेतल्या तर नेवार्कहून क्लीव्हलँडला एकेरी तिकीट १३०, तिथून पिट्सबर्गला बस ४० (अंतर दोन-सव्वादोन तासांचं), पिट्सबर्गहून घरी एकेरी १२०, दोन रात्री तेच ३५०, टॅक्सी १८०, जेवण ८०. एकूण ९००. तीनशे डॉलर तर वाचलेच, शिवाय ड्युटीवरची गैरहजेरी कमी झाली. रेसिडेंटला दुसरी गोष्ट जास्त मोलाची असते.

मोटार भाड्याने घ्यायची तर तीन गोष्टी आधी बघा: २५ वर्षांखालच्या चालकाला लागणारा जादा आकार, एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडण्याचा आकार, आणि टोलसाठी कंपनी लावते तो रोजचा आकार. जाहिरातीतलं ३५ डॉलरचं भाडं यात सहज दुप्पट होतं. भारतातून जाणाऱ्यांनी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा. मात्र बर्फात कधी गाडी चालवली नसेल तर जानेवारीत क्लीव्हलँडमध्ये तो प्रयोग करू नये.

६. तिकीट: स्वस्त की बदलता येणारं?

मुलाखतींच्या हंगामात बदलता येणारं तिकीटच शेवटी स्वस्त पडतं. डेल्टा, युनायटेड, अमेरिकन या मोठ्या कंपन्यांनी २०२० मध्ये बेसिक इकॉनॉमी (सगळ्यात स्वस्त वर्ग) वगळता देशांतर्गत तिकिटांची बदल-फी काढून टाकली. तिकीट रद्द केलं तर पैसे क्रेडिट म्हणून खात्यात राहतात आणि पुढच्या मुलाखतीला वापरता येतात. बेसिक इकॉनॉमी वीस-तीस डॉलरनी स्वस्त दिसते, पण तारीख हलली की बहुधा हातातून जाते. फ्रंटियरसारख्या स्वस्त कंपनीच्या दरात केबिन बॅगचे पैसे वेगळे असतात. ते मिळवल्याशिवाय तुलना करू नका. साउथवेस्टनेही २०२५च्या मे महिन्यापासून सरसकट फुकट बॅगा बंद केल्या आहेत.

चोवीस तासांचा नियम लक्षात ठेवा. प्रवासाला किमान सात दिवस असताना विमान कंपनीकडून थेट काढलेलं तिकीट २४ तासांच्या आत रद्द केलं तर पूर्ण पैसे परत मिळतात. म्हणजे इन्व्हाइट आल्याच्या रात्री तिकीट धरून ठेवायचं, सकाळी ड्युटीची अदलाबदल होते का बघायचं आणि मग पक्कं करायचं. मधल्या एजंट साइटवरून काढलेल्या तिकिटाला याची खात्री नसते.

थंडीत त्या दिवसाचं शेवटचं विमान घेऊ नका. ते रद्द झालं तर मुलाखतच जाते. आदल्या दिवशी दुपारी पोचणारं घ्या. एक रात्र वाढते, ती बजेटमध्ये आधीच धरा. सूट, बूट आणि कागद केबिन बॅगेत. सूट गावच्या टेलरकडूनच शिवून न्या, अंगावर नीट बसतो आणि तिकडच्या तयार सूटच्या निम्म्यात होतो. जाड कोट मात्र तिकडेच घ्यावा. आपल्याकडचं 'वुलन' बफेलोच्या वाऱ्यात उघडं पडतं. देशांतर्गत विमानासाठी अमेरिकन रिअल आयडी (विमानाला चालणारं सरकारी ओळखपत्र) नसेल तर पासपोर्ट जवळ ठेवा.

७. मुक्काम

पहिला मेल कोऑर्डिनेटरलाच: तुमच्या हॉस्पिटलचा एखाद्या हॉटेलशी ठरलेला दर आहे का? पुष्कळ ठिकाणी असतो, आणि काही प्रोग्रॅम एक रात्र स्वतः देतात. हे कोणी आपणहून सांगेलच असं नाही.

हॉटेलच्या दरावर कर वेगळा लागतो. शिवाय चेक-इनला कार्डावर ठेव म्हणून रक्कम अडकवली जाते. ती फॉरेक्स कार्डावरून दिली तर सुटायला काही दिवस जातात आणि तेवढे दिवस तुमचे पैसे हाताशी नसतात. ठेवीसाठी क्रेडिट कार्ड, खर्चासाठी फॉरेक्स कार्ड असं ठेवा.

ओळखीच्यांकडे उतरणं हा मोठा आधार असतो. बहुतेक मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळ आहे, आणि मंडळाच्या ग्रुपवर 'कॉलेजचा सिनिअर, दोन रात्री' असा निरोप गेला की कुणीतरी "ये की" म्हणतंच. फक्त यजमानाला तारखा आधी कळवा, विमानतळावर घ्यायला येण्याची अपेक्षा ठेवू नका, आणि घर हॉस्पिटलपासून किती लांब आहे ते नकाशावर तपासा. फुकट मुक्काम चाळीस मैलांवर असेल तर सकाळच्या उबरमध्ये हॉटेलचे पैसे जातात. चकली-भाकरवडी न्या, विमानतळावरच्या कस्टम्समध्ये खाद्यपदार्थ आहेत असं नोंदवा.

८. पैसे कसे न्यायचे

साध्या भारतीय क्रेडिट कार्डावर परदेशी व्यवहाराला साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. दोन लाख रुपये असे खर्च झाले तर आठ हजारांच्या आसपास उगाच जातात. मार्कअप नसलेलं कार्ड दोन महिने आधी काढून ठेवा आणि ते चालतं का हे एखादी परदेशी फी भरून बघा. बँकेतून पाठवलेल्या रकमेवर टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना आगाऊ कापला जाणारा कर) लागायची मर्यादा एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपये आहे. पण तुमचे पैसे वडिलांच्या खात्यातून जाणार असतील आणि त्याच खात्यातून याच वर्षी बहिणीच्या शिक्षणासाठी पैसे गेले असतील तर तेही त्याच मर्यादेत मोजले जातात. कापला गेलेला टीसीएस विवरणपत्र भरताना परत मागता येतो. तोवर रोकड अडकते.

बजेट करताना डॉलरचा आजचा भाव घेऊ नका. दोन-तीन रुपये वर धरा.

९. फेलोशिपवाल्यांसाठी वेगळं

तुमच्याकडे पगार असतो, वेळ नसतो. मुलाखतींसाठी किती दिवस रजा मिळते आणि ती वार्षिक सुट्टीतून कापतात का, हे जूनमध्येच चीफ रेसिडेंटकडून लेखी घ्या. ऑगस्ट ते ऑक्टोबरमधल्या आयसीयू आणि नाइट फ्लोटच्या (सलग रात्रपाळीच्या) आठवड्यांची अदलाबदल आधीच करून ठेवा. नंतर सगळेच मागायला लागतात. कॉन्फरन्स आणि पुस्तकांसाठी मिळणारा भत्ता मुलाखतीच्या प्रवासाला चालतो का, हे कार्यालयात विचारा. बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

'टॅक्समध्ये परत मिळेल' हा गैरसमज अजून फिरतो. नोकरी शोधण्याच्या खर्चाची अमेरिकेच्या केंद्रीय करातली वजावट २०१८ पासून बंद आहे आणि २०२५च्या कायद्याने ती कायमची गेली. पावत्या ठेवा, पण प्रोग्रॅमकडून परतावा मागण्यासाठी. तो मागायची मुदत बहुधा थोडीच असते. मुलाखतीहून परतल्यावर त्याच रात्री फोटो काढून पाठवून द्या.

१०. नको त्या मुलाखती सोडा, वेळेत

हाताशी पुरेशा चांगल्या मुलाखती आल्या की यादीच्या तळाच्या रद्द करा. किमान दोन आठवडे आधी कळवलं तर ती जागा वेटलिस्टवरच्या कुणालातरी मिळते, आणि तो बहुधा तुमच्यासारखाच एखादा आयएमजी (अमेरिकेबाहेर शिकलेला डॉक्टर) असतो. न कळवता गैरहजर राहणं अत्यंत वाईट. ते तुमच्या कॉलेजच्या पुढच्या बॅचला भोवतं.

रद्द केल्यावर त्याच दिवशी हॉटेल, तिकीट आणि गाडीचं बुकिंग या क्रमाने सोडवा, आणि विमान कंपनीच्या क्रेडिटची अंतिम तारीख एक्सेलमध्ये शेवटच्या रकान्यात लिहा. मॅच झाल्यावर जूनमध्ये घर बघायला जाताना तेच क्रेडिट वापरता येतं. मात्र काही कंपन्या एका वर्षाची मुदत तिकीट काढल्याच्या दिवसापासून मोजतात.